स्वप्नातली चिमूट

मोठीआईंनी माझ्या उजव्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं, पानावर भंडारा टाकला आणि म्हणाल्या, "बोला जावईबापू."

आणि मी जांभई दिली.

साधीसुधी नाही. जबडा निखळून देव्हाऱ्यात पडतोय की काय असं वाटावं अशी, चांगली आवाजासकट. जांभईच्या वाऱ्यानं भंडारा उडाला तो समोर बसलेल्या माझ्या मेहुण्याच्या, संपतच्या डोळ्यात.

"दाजी," संपत डोळा चोळत म्हणाला, "शपथ घ्या म्हणत्यात. झोप न्हवं."

मोठीआईंनी पानावर परत भंडारा टाकला. दारात माझी बायको वैजयंता लेकीला खांद्यावर घेऊन उभी होती. ती हसली नाही. तिचं माझ्या हाताकडे लक्ष होतं.

चंपाषष्ठीचा दिवस होता आणि मी सासरवाडीला बायको आणायला गेलो होतो. वैजी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती आलीच. लेक झाली, बारसं झालं, लेक हसायला लागली, तरी बाई परतायचं नाव काढेना. कारण माझी तंबाखू. बारशाच्या दिवशी मी लेकीचा पापा घ्यायला वाकलो, तर हिनं पोरीला चटकन मागं ओढलं आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "हे तोंड घेऊन तिच्याजवळ यायचं न्हाई."

पाहुणे हसले. मीही हसलो. हसताना तोंड उघडलं, त्यामुळे तिचंच म्हणणं सगळ्यांना पटलं.

तिचं चुकत नव्हतं. वैजीची आई ती लहान असतानाच गेली. तिला वाढवलं चुलत्यानं आणि चुलतीनं, म्हणजे आबांनी आणि या मोठीआईंनी. आबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शेवटी शेवटी गालाला भोक पडलं होतं. नळीतून पेज घालायचं काम वैजीकडं होतं. तेव्हा तिचं लग्नाचं वय झालं होतं आणि ती भावाला सांगायची, नवरा कसाही बघा, पण तंबाखू खाणारा बघू नका. मी बघायला गेलो तेव्हा दात घासून गेलो होतो.

माझे सासरे म्हणजे तात्या, आबांचे धाकटे भाऊ. आबा गेले त्या महिन्यात त्यांनी दारावर पाटी लावली, 'तंबाखू खाणाऱ्यांनी बाहेरूनच बोलावे.' गावचे अर्धे लोक तेव्हापासून बाहेरूनच बोलायचे. ग्रामपंचायतीची एक मीटिंग यांच्या अंगणात झाली, तर सरपंचासकट सगळी कमिटी उन्हात आणि तात्या एकटे सावलीत.

तर बारशाच्याच दिवशी मला देवापुढे बसवून बेलभंडारा उचलायला लावला. आजपासून शिवणार नाही. चंपाषष्ठीला यायचं, देवापुढं परत भंडारा उचलायचा, 'शिवलो नाही' म्हणायचं आणि बायको-लेक घेऊन जायचं. आणि शिवला असेल तर?

"तर तुमी तिकडं, आमी हिकडं," वैजी म्हणाली होती. "खावा मग सुखानं."

ती नुसती बोलत नव्हती. तिनं गावात शिलाई मशीन बघून ठेवलं होतं.

तंबाखू सोडणं अवघड असतं असं लोक म्हणतात. मला नाही अवघड गेलं. पुडी फेकली, डबी फेकली, झालं. अवघड गेली ती झोप. ती तंबाखूच्या मागोमाग घरातून निघून गेली. रात्रभर मी आढ्याकडं बघत पडायचो आणि दिवसा जिथं टेकेन तिथं कलंडायचो. माझा धंदा लाउडस्पीकरचा. 'दिनकर साउंड सर्व्हिस.' लग्न, वास्तुशांत, प्रचार, काहीही. एकदा शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या पुढाऱ्याची शोकसभा होती. दोन मिनिटं शांतता पाळायची म्हणून सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. इतकी शांतता मला महिन्यात मिळाली नव्हती. मी ॲम्प्लिफायरवर डोकं ठेवलं. डोक्याखाली कुठलं बटण आलं देव जाणे, वरातीची कॅसेट सुरू झाली. पूर्ण आवाजात. शोकसभेतली माणसं दचकली, एक म्हातारी सवयीनं चार पावलं नाचली. मला मारायला धावलेला पुढाऱ्याचा मुलगा मध्येच थांबला आणि आभाळाकडं बघून हात जोडून म्हणाला, "दादांना शांतता कधी आवडलीच न्हाई." म्हणून मी वाचलो.

आणि चुकून झोप लागलीच, तर स्वप्नं. एरवी मला स्वप्नं पडत नसत. आता रोज पडायची, रंगीत, आणि सगळ्यांत एकच गोष्ट. कुणीतरी तंबाखू मळतंय, चुना लावतंय, थाप मारतंय आणि हात पुढे करतंय. कधी एसटीचा कंडक्टर, कधी माझा मेलेला आजा. एकदा तर साक्षात कलेक्टरसाहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "घ्या दिनकरराव, लाजू नका." मी खायचो. आणि घामाघूम होऊन उठायचो, शपथ मोडली म्हणून. तोंडात कडू चव असायची. एकदा दाढेखाली खरंच काहीतरी लागलं. बोट घालून बघितलं तर गोधडीचं टोक.

तालुक्याच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "होतं असं. अंगाला सवय असते ना तिची. सोडली की झोप उडते, लागली तर स्वप्नं फार पडतात. थोडे आठवडे काढा, बसेल आपोआप."

आठवडे काढायला माझी ना नव्हती. रात्री कोण काढणार?

वैजीला हे एकदा सांगून बघितलं होतं, बारशाच्या आधीच, दोन दिवस सोडून बघितली होती तेव्हा. म्हणालो, "सोडली की झोप लागत न्हाई गं मला." ती म्हणाली, "आबांना मरताना लई लागत हुती."

तर चंपाषष्ठीला सकाळी मी सासरवाडीत उतरलो. उतरलो म्हणजे कंडक्टरनं उतरवला. एका डोळ्यानं झोपलेला, एका डोळ्यानं जागा. तात्यांनी माझा अवतार बघितला आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, "तळी भरायला येळ हाय अजून. पडा जरा सोप्यात." घोंगडं टाकून दिलं. बायका आत वांगी भाजत होत्या, संपत बेल आणायला गेला होता. मी आडवा झालो. महिनाभरात लागली नव्हती अशी झोप लागली.

मग संपतनं हलवून उठवलं. सगळ्यांनी हातपाय धुतले, चूळ भरली आणि देवापुढं बसलो. तळी उचलायला माणसं कमी पडू नयेत म्हणून शेजारचे नामदेव अण्णा आणि त्यांचे भाऊ आले होते. भाऊ शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळे त्यांचं मत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

"बोला," मोठीआई परत म्हणाल्या. "म्हणा, त्या दिसापासनं आजपातूर तंबाखूला शिवलो न्हाई."

एवढंसं वाक्य. मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या की," मागून तात्या म्हणाले. "भरीत गार झालं. माणूस खरा हाय, तोंडावर दिसतंय त्याच्या."

"तोंडावर निस्ती झोप दिसतीया," मोठीआई म्हणाल्या. "बोला वो."

तात्यांनी माझी बाजू घ्यावी ही गोष्ट एवढी नवीन होती की मी तेव्हाच बोलून मोकळं व्हायला हवं होतं. पण हातावर भंडारा. खोटं बोललं तर देव बघून घेतो, आणि देवाच्या आधी वैजी.

"जागेपणी शिवलो न्हाई," मी म्हणालो.

आत चुलीवर काहीतरी उतू गेलं. कुणी उठलं नाही.

"जागेपणी म्हंजी?" वैजीनं विचारलं.

"आता मगाशी सोप्यात डोळा लागला हुता. सपान पडलं. सपनात खाल्ली."

संपत फिस्सकन हसला. "आवं मग काय! सपनातलं धरत असत्यात का?"

"धरत्यात," नामदेव अण्णा गंभीरपणे म्हणाले. "पुराणात एका राजानं सपनात राज्य दान केलं. सकाळी उठून खरंच दिऊन टाकलं."

"मग अण्णा, काल माझ्या सपनात तुमी आमची म्हैस सोडून नेलीसा. तेवढी आणून बांधा संध्याकाळी."

"चेष्टा नको," मोठीआई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "जावईबापू, कुणी दिली तुमाला सपनात? ह्यांनी तर न्हवं?"

'ह्यांनी' म्हणजे आबांनी. मेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन काही खायला दिलं आणि आपण ते खाल्लं, तर ते चांगलं नसतं म्हणतात. तो माणूस न्यायला आलेला असतो. वैजीनं लेकीला घट्ट धरलेलं मला दिसलं.

"न्हाई न्हाई, आबा न्हवं," मी घाईनं म्हणालो. "तात्या."

आधी कुणाला कळलंच नाही. मग संपत देव्हाऱ्यापुढं आडवा झाला हसून हसून. "तात्या! तात्या आन् तंबाखू!" नामदेव अण्णांनी मांडीवर थाप मारली. दारावरची पाटी त्यांनी इतकी वर्षं बाहेर उभं राहून वाचली होती, आज तेवढे तळीसाठी आत आले होते. आणि वैजी हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली. बारशानंतर पहिल्यांदा.

"मग सपानच वो हे," ती म्हणाली. "येडं सपान."

मला हायसं वाटलं. सुटलो. इथं गप्प बसलो असतो तर तासाभरात बायको-लेक घेऊन एसटीत असतो.

"पर काढली कुठनं वो तात्यानं?" संपतला राहवेना. "धोतरातनं?"

"न्हाई," मीही हसत म्हणालो. "लई चोरून आलं. पायताण दाराबाहेर काढलं. आबांच्या फोटूमागं हात घातला, पुडी काढली, डबी काढली, मळली…"

सगळे परत हसले. मोठीआई सोडून. त्या उठल्या.

"वहिनी, बसा," तात्या म्हणाले. "दिवा इझंल वाऱ्यानं. बसा म्हणतो न्हवं."

मोठीआई लागूनच असलेल्या सोप्यात गेल्या. आबांचा फोटो खिळ्यावर पुढे कलता टांगलेला होता, पूर्वी टांगायचे तसा. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. मागून एक कागदाची पुडी पडली आणि तिच्या मागोमाग चुन्याची डबी. डबी फरशीवर गोल फिरली, बराच वेळ फिरली, आणि माझ्या गुडघ्याला येऊन टेकली.

मोठीआई फोटो पोटाशी धरून उभ्या राहिल्या. "रोज पुसती मी ह्यो," त्या म्हणाल्या. "पुढनंच पुसत आले."

तात्यांनी मान खाली घातली. संपतचं तोंड उघडंच होतं. वैजीनं आधी तात्यांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"म्हंजी सपान न्हवतं," ती म्हणाली.

फोटोमागं काय आहे हे मला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे मी बघितलं होतं. मग खाल्लीही असणार. की बघितलं खरं आणि खाल्लं स्वप्नात? जीभ फिरवून बघितली. कडू लागत होती, पण महिनाभर रोजच कडू लागत होती, आणि आता तर चूळ भरलेली. आपण तंबाखू खाल्ली की नाही हे आपल्यालाच माहीत नसलेला सगळ्या तालुक्यात मीच एक.

"वैजे, मला खरंच…"

"तुमाला इचारत न्हाई मी." ती पुढं आली. माझ्या हातावरचं बेलाचं पान भंडाऱ्यासकट उचललं आणि तात्यांच्या हातावर ठेवलं. "तात्या, तुमी बोला. ह्यानला दिलीसा का न्हाई?"

तात्या पानाकडं बघत राहिले. सहा फुटी माणूस, आवाज असा की मला भाड्यानं स्पीकर द्यायची गरज नाही. पण आधी नुसते खाकरले.

"न्हाई दिली," ते म्हणाले. "मी एकट्यानं खाल्ली. जावई घोरत हुतं. अर्ध्या डोळ्यानं बघितलं आसंल. बाकीचं सपान."

"भंडाऱ्यावर सांगताय."

"भंडाऱ्यावरच सांगतोय."

वैजीनं श्वास सोडला. मग बापाच्या समोर खाली बसली. "कवापासनं खाताय?"

"आबाच्या तेराव्याला सोडली हुती गं," तात्या म्हणाले. "पाटी लावली त्या दिशी खरंच सोडली हुती. पर डोळं मिटलं की आबाचा गाल दिसायचा. भोकातनं दात दिसायचं त्याचं. उठून बसायचो. चिमूटभर धरली की काय दिसत न्हाई." त्यांनी पान मुठीत चुरगाळलं. "झोप लागत न्हाई गं पोरी."

वैजीनं हळूच माझ्याकडं बघितलं. मी तिला तेच वाक्य सांगितलं होतं आणि तिनं काय उत्तर दिलं होतं, ते दोघांनाही आठवलं असावं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि लेक माझ्या मांडीवर ठेवली.

"मान धरा तिची," म्हणाली. "अशी न्हवं. अशी."

मोठीआईंनी फोटो परत खिळ्याला लावला. पुडी उचलली आणि सरळ आत जाऊन चुलीत टाकली. त्यांचा हेतू चांगला होता, पण पुडी भरलेली होती. अख्खं घर खोकत अंगणात. तळी आम्ही खोकत खोकतच उचलली. 'येळकोट येळकोट' म्हणायला कुणाच्या घशात जोर नव्हता. नैवेद्याच्या भरताला झकास तंबाखूचा वास लागला होता. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. नामदेव अण्णांनी दोनदा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर वैजीनं तिची पेटी भरली. मग तात्यांच्या खुंटीवरची कापडं काढून पिशवीत भरायला लागली.

"ही कशाला?" तात्यांनी विचारलं.

"तुमी यायचं आमच्याकडं. हितं कोण ध्यान ठिवणार तुमच्यावर? मोठीआई का संपत? त्येला म्हशी दिसत्यात सपनात."

"लेकीच्या घरी? लोक काय म्हणत्याल?"

"बाहेरूनच म्हणत्याल," मोठीआई म्हणाल्या.

दुपारच्या एसटीत वैजी लेकीला घेऊन पुढं बायकांच्या सीटवर बसली. मी आणि तात्या मागं, पिशवी मध्ये घेऊन. दोघंही खिडकीबाहेर उसाकडं बघत होतो.

"तात्या," मी म्हणालो. "एक इचारू का?"

"इचारू नका."

दोन थांबे गेले. मग तात्या आपणच बोलले, खिडकीकडं तोंड ठेवूनच. "डोळं उघडं हुतं तुमचं. मी मळत हुतो, तुमी हात पुढं केलासा. मला वाटलं जागं हायसा. पसरल्याल्या हाताला न्हाई म्हणायचं कसं? दिली. दाढंखाली धरलीसा आन् परत आडवं झालासा. लेकरावानी झोपलासा बगा."

मी ताडकन वळलो. "आवं पर तुमी भंडारा उचलून…"

"हळू बोला." त्यांनी पुढं वैजीच्या पाठीकडं बघितलं. लेक तिच्या खांद्यावरून आमच्याकडं बघत बोळक्या तोंडानं हसत होती. "देवाचं माझं मी बघून घीन. पोरगी नांदली पायजे."

तात्यांच्या धोतरावर भंडाऱ्याचा पिवळा डाग पडला होता. ते तो अंगठ्यानं घासत होते. तो पसरत होता.

"आज रात्री कसं हुयाचं वो?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. मला. या माणसानं मला आजवर काही विचारलं नव्हतं. "ह्या वयाला पयली रात्र लई वंगाळ जाती म्हणत्यात."

"जाती."

"आन् दुसरी?"

"दुसरीला पयली बरी हुती म्हणाल."

तात्यांनी मान हलवली. एसटी घाटाला लागली तशी माणसं एकेक करून पेंगायला लागली. कंडक्टरसुद्धा पिशवी पोटाशी धरून डुलायला लागला. तेवढ्यात पुढून वैजी वळली. लेक तिच्या खांद्यावर झोपली होती. आमच्या लाल झालेल्या डोळ्यांच्या जोड्या बघून तिचा चेहरा उतरला.

"झोपा की जरा दोघं," ती म्हणाली. "तासभर हाय अजून. झोप लागतीया का बगा."

आम्ही दोघांनी लगेच डोळे मिटले. ती पुढं वळली असेल हे कळल्यावरही मिटूनच ठेवले. न जाणो, परत बघायची.